एजंटला वेळ सांगणारं टूल: एवढ्याशा गोष्टीचं डॉक्युमेंटेशन लिहायचं तरी काय?

दोनओळी

मंडळी, प्रश्न किरकोळ वाटेल, पण मी खरंच अडकलोय.

आमच्याकडे एआय एजंटसाठी एक छोटा एमसीपी सर्व्हर आहे. (एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची टूल जोडायची ठरलेली पद्धत.) काम एकच, एजंटला वेळ सांगायची. एमसीपीबरोबर नमुन्यादाखल जे सर्व्हर दिलेले आहेत, त्यातल्या टाइम सर्व्हरच्याच धर्तीवर बांधलाय. टूल दोनच. 'गेट_करंट_टाइम'ला टाइमझोन द्यायचा, ते तिथली आत्ताची वेळ देतं. 'कन्व्हर्ट_टाइम'ला एका झोनमधली वेळ, तो झोन आणि दुसरा झोन द्यायचा, ते दुसरीकडे किती वाजलेत ते सांगतं. पायथनमध्ये आहे, कोड लहान आहे, चालतोही व्यवस्थित.

डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात पडलं. मी पहिल्या टूलचं वर्णन लिहिलं, "वेळ मिळवते", दुसऱ्याचं "वेळ रूपांतरित करते". (प्रत्यक्षात इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतोय.) वर एक लांबलचक रीडमी (कोडबरोबरची माहितीची फाइल) लिहिला, त्यात इन्स्टॉल कसं करायचं, कॉन्फिग कसं द्यायचं, सगळं आहे. रिव्ह्यूमध्ये एका शब्दाचा शेरा आला, "अपुरं". काय अपुरं, ते कुणी सांगेना.

दरम्यान एजंट जे करतोय ते असं. "पुढच्या सोमवारची तारीख काय?" असं विचारलं की टूल न वापरताच बेधडक तारीख सांगतो, आणि वर्षही चुकवतो. कुणी भारतीय प्रमाणवेळेसाठी "आयएसटी" म्हटलं की तेच जसंच्या तसं टाइमझोन म्हणून पाठवतो आणि एरर खातो. आणि याच्या अगदी उलट, साधं "धन्यवाद" म्हटलं तरी कधीकधी आधी वेळ बघून येतो.

कोडमध्ये बग नाही याची खात्री करून घेतली आहे. मग हे डॉक्युमेंटेशनने सुटणारं प्रकरण आहे का? आणि असेल तर दोन टूलबद्दल माणूस लिहून लिहून लिहिणार किती?

रामबाण

टूलच कशाला हवंय? सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांमध्ये) "आत्ताची वेळ अमुक" अशी एक ओळ घाला. टूल नाही, डॉक्युमेंटेशन नाही, डोक्याला ताप नाही.

काटेकोर

रामबाण यांचा उपाय काही ठिकाणी चालतो, त्यावर नंतर येते. आधी मूळ प्रश्न. माझं पोटापाण्याचं कामच टेक्निकल रायटिंगचं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

दोनओळी, तुमचा रीडमी कितीही चांगला असला तरी मॉडेलच्या, म्हणजे एजंटच्या मागे असलेल्या भाषिक मॉडेलच्या, तो नजरेलाही पडत नाही. क्लायंट (एजंट चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हरकडे टूलची यादी मागतो, सर्व्हर प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (काय काय द्यायचं त्याचा आराखडा) देतो, आणि तेवढंच मॉडेलपुढे जातं. म्हणजे ज्या वाचकाच्या वागण्याबद्दल तुमची तक्रार आहे, त्या वाचकाला तुम्ही दोन शब्द दिलेत आणि बाकीचं सगळं भलत्याच वाचकासाठी लिहिलंत. "वेळ मिळवते" हे टूलच्या नावातच आहे, वर्णनाने त्यात काहीच भर घातली नाही.

माणूस डॉक्युमेंटेशन वाचतो तेव्हा त्याला टूल वापरायचं आहे हे आधीच ठरलेलं असतं, प्रश्न फक्त कसं वापरायचं हा असतो. मॉडेलचं उलट आहे. कसं वापरायचं ते त्याला स्कीमावरून बऱ्यापैकी कळतं. कधी वापरायचं हे त्याला कळत नाही, कारण आपल्याकडे घड्याळ नाही ही गोष्ट त्याच्या लक्षातच येत नाही. त्याचं ज्ञान प्रशिक्षणाच्या मजकुरापाशी थांबलेलं असतं आणि त्या मजकुरात जे वर्ष शेवटी शेवटी दिसलं तेच त्याच्या लेखी "यंदा". म्हणून तुमचा पुढचा सोमवार चुकीच्या वर्षात जाऊन पडतो. त्याला आपलं काही चुकतंय अशी शंकासुद्धा येत नाही, मग ते टूलकडे जाईल कशाला?

तेव्हा वर्णनाचा निम्मा भाग "कधी" यावर खर्च करा. उत्तर आजच्या तारखेवर अवलंबून असेल तेव्हा: आज, उद्या, पुढचा सोमवार, मुदत संपली का, किती दिवस उरले, अमक्याचं वय किती. लोक खरोखर ज्या शब्दांत विचारतात ते शब्द घाला. "वेळेशी संबंधित प्रश्नांसाठी" असं मोघम लिहिलंत तर वय विचारल्यावर त्याला ते वेळेशी संबंधित वाटेलच याचा भरवसा नाही. आणि "कधी नाही" तेही लिहा: पूर्ण तारीख प्रश्नातच दिली असेल, किंवा प्रश्न इतिहासातला असेल, तर गरज नाही. "धन्यवाद"ला उत्तर देताना घड्याळ बघण्याचा प्रकार बहुतेक यानेच थांबेल. नाही थांबला तर सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये कुणीतरी "वेळ नेहमी तपासा" असं लिहून ठेवलेलं असेल, ते शोधा. "नेहमी" लिहिलं की मॉडेल ते शब्दशः घेतं.

आणखी एक, जे मी सहसा कुठल्या वर्णनात बघत नाही. टूलचं उत्तर त्या क्षणापुरतं असतं. सकाळी सुरू केलेलं संभाषण माणूस संध्याकाळी पुढे चालू करतो, आणि सकाळची वेळ संदर्भात (मॉडेलपुढे असलेल्या मजकुरात) तशीच पडून असते. ती शिळी झाली हे मॉडेलला आपोआप कळत नाही. दोन संदेशांमध्ये दहा सेकंद गेले की दहा तास, त्याला दोन्ही सारखंच. "हे उत्तर कॉलच्या क्षणाचं आहे, वेळ पुन्हा लागली तर पुन्हा विचारा" एवढं एक वाक्य पुरतं.

आता "आत्ता" म्हणजे कुणाचं आत्ता? टाइमझोन दिला नाही तर तुमचं टूल काय करतं? सर्व्हर कंटेनरमध्ये (सगळं आत बांधलेल्या, वेगळ्या चालणाऱ्या पेटीत) चालत असेल तर मशीनचा झोन बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असणार. वापरणारा बसलाय यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. १ जानेवारीला पहाटे दोन वाजता त्याने "आज काय तारीख" विचारलं, तर यूटीसीत तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. दिवस चुकला, महिना चुकला, वर्षही चुकलं, आणि कोडमध्ये बग नाहीच. नमुन्याच्या सर्व्हरला स्थानिक टाइमझोन सुरू करतानाच सांगता येतो. तुम्ही तसं काही ठेवलं असेल तर ते माणसांसाठीच्या भागात अगदी वर पाहिजे, इन्स्टॉलच्याही आधी. आणि मॉडेलला सांगायचं की वापरकर्त्याचं ठिकाण माहीत नसेल तर कुठला झोन धरायचा, का विचारायचं. मी "विचारा"च्या बाजूची आहे, पण ते टूल कुठे वापरलं जातंय यावर आहे.

"आयएसटी"चं दुखणं वेगळं आहे. तिथे टाइमझोनच्या पॅरामीटरचं (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्याचं) वर्णन काय लिहिलंय ते आधी सांगा.

दोनओळी

आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पॅरामीटरचं वर्णन: "टाइमझोन". हसू नका.

तुमच्या सांगण्यावरून नवं वर्णन लिहिलंय:

"कृपया लक्षात घ्या की हे एक अत्यंत उपयुक्त टूल असून ते दिलेल्या टाइमझोनमधली या क्षणाची तारीख आणि वेळ देते. उत्तर आजच्या तारखेवर अवलंबून असेल (आज, उद्या, पुढचा आठवडा, मुदत, वय, किती दिवस उरले) तर आधी हे टूल वापरा. चालू वर्ष स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका. प्रश्नात पूर्ण तारीख दिली असेल तर गरज नाही. उत्तर कॉलच्या क्षणाचे असते. नंतर पुन्हा वेळ लागल्यास पुन्हा कॉल करा."

कन्व्हर्टचं अजून तसंच आहे. तिथे काय लिहायचं सुचत नाही, कारण तिथे "कधी" हा प्रश्नच येत नाही, दोन झोन दिसले की एजंट बरोबर वापरतो. लीप सेकंदाबद्दल (घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला मधूनच घालतात तो जादा सेकंद) काही लिहू का?

यूटीसीवाला

कन्व्हर्टबद्दल मी बोलतो, काटेकोर यांची परवानगी गृहीत धरून. खरा धोका तिथेच आहे, कारण ते टूल चुकतं तेव्हा एरर देत नाही.

तुमच्या कन्व्हर्टला तारीख देता येते का? नमुन्याच्या सर्व्हरची धाटणी उचलली असेल तर नाही येणार. तिथे फक्त तास-मिनिटं घेतात, चोवीस तासांच्या पद्धतीने, आणि तारीख म्हणून आजची चिकटवतात. "आत्ता तिकडे किती वाजले असतील" यासाठी ठीक. आता हे बघा. २०२६च्या फेब्रुवारीत कुणी विचारलं, "१६ मार्चला न्यूयॉर्कच्या सकाळी १० ला मीटिंग आहे, लंडनला किती वाजलेले असतील?" एजंट अमेरिका/न्यू_यॉर्क, १०:००, युरोप/लंडन असं पाठवतो. टूल फेब्रुवारीतला फरक धरून १५:०० सांगतं. खरं उत्तर १४:००, कारण अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं ८ मार्चला एक तास पुढे गेलेली असतात आणि ब्रिटनमध्ये ती २९ मार्चला जाणार असतात. मधले तीन आठवडे फरक पाचाऐवजी चार तासांचा. एजंट "१५:००" अगदी ठामपणे सांगणार, आणि लंडनवाला तासभर उशिरा येणार.

उत्तम उपाय तारखेचा पॅरामीटर देणं. ते आत्ता होत नसेल तर वर्णनात स्पष्ट लिहा: "हे रूपांतर आजच्या तारखेच्या नियमांनी होते, दुसऱ्या तारखेसाठी वापरू नका." डॉक्युमेंटेशन लिहिताना डिझाइनमधलं भोक दिसलं तर ते लिहून टाकायचं, लाजायचं नाही. निदान मॉडेल तसं सांगून तरी उत्तर देईल.

तारीख घेतलीत की आणखी दोन प्रसंग लिहावे लागतील. त्याच ८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये पहाटे २:३० ही वेळच अस्तित्वात नाही, घड्याळ दोनवरून थेट तीनवर जातं. आणि १ नोव्हेंबर २०२६ ला १:३० दोनदा येते. पायथन या दोन्ही ठिकाणी तक्रार करत नाही. 'फोल्ड' नावाचा गुणधर्म शून्य धरून दोनदा येणाऱ्या वेळेतली पहिली निवडतो आणि पुढे जातो. तुमचं टूल काय करतं ते ठरवा आणि लिहा. माझं मत विचाराल तर नसलेल्या वेळेला एरर द्यावी आणि दोनदा येणाऱ्या वेळेला दोन्ही उत्तरं द्यावीत.

आता नावं. पॅरामीटरच्या वर्णनात "आयएएनए टाइमझोनचं नाव, उदाहरणार्थ एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यू_यॉर्क" एवढं आणि "संक्षेप चालत नाहीत" हे हवंच. आयएएनए ही इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणारी संस्था, आणि ही नावं तिच्या टाइमझोन डेटाबेसमधली. हा डेटाबेस आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला, म्हणून जुने लोक अजून त्याला ओल्सन डेटाबेस म्हणतात; २०११ पासून तो आयएएनएकडे आहे. आयएसटी त्यात नाहीच, कारण ते भारताचंही आहे, इस्रायलचंही आणि आयर्लंडचंही. तिथे निदान एरर तरी येते. ईएसटी (अमेरिकेच्या पूर्व भागाची प्रमाणवेळ) मात्र डेटाबेसमध्ये आहे! आणि ते कायम यूटीसी उणे पाच, उन्हाळ्यातही. म्हणजे एजंटने "ईएसटी" पाठवलं तर जुलैत न्यूयॉर्कची वेळ मुकाट्याने एक तास चुकते. आणि "ईटीसी/जीएमटी+५" हे नाव दिसायला पाच तास पुढचं, प्रत्यक्षात यूटीसीच्या पाच तास मागे. पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणातल्या जुन्या रीतीमुळे चिन्ह उलटं आहे. मॉडेल काय, माणसंही तिथे हमखास गंडतात. मी तर ती नावं सरळ नाकारतो.

एरर संदेश हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग धरा, आणि मॉडेल तो नेमका गरजेच्या क्षणी वाचतं. सध्या तुमचा संदेश "अवैध टाइमझोन" असा असणार. त्याऐवजी:

"'आयएसटी' हे टाइमझोनचे नाव नाही. भारतासाठी एशिया/कोलकाता, इस्रायलसाठी एशिया/जेरुसलेम, आयर्लंडसाठी युरोप/डब्लिन वापरा. संदर्भावरून कळत नसेल तर वापरकर्त्याला विचारा."

पुढचा कॉल बरोबर जातो. फक्त एरर टूलच्या निकालातूनच परत द्या, एमसीपीत त्यासाठी 'इझएरर'चा झेंडा ("ही एरर आहे" अशी खूण) आहे. प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर फेकलीत तर ती क्लायंटमध्येच अडकू शकते, मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही.

लीप सेकंद: नको. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला घातला गेला, २०२२ मध्ये तर ही पद्धत २०३५ पर्यंत बदलायचं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलंही. मीटिंग ठरवणाऱ्या एजंटला त्याचं काय.

रामबाण

हे सगळं एका घड्याळासाठी! माझी एक ओळ अजूनही स्वस्त आहे.

काटेकोर

स्वस्त दिसते. पण ती ओळ सिस्टिम प्रॉम्प्टच्या सुरुवातीला सेकंदांसकट घातलीत तर प्रॉम्प्टची सुरुवातच दर वेळी बदलते, आणि कॅशिंग (आधी वाचलेला मजकूर साठवून पुन्हा वापरणं) तर सुरुवातीपासून सारख्या असलेल्या मजकुरावरच चालतं. म्हणजे प्रत्येक विनंतीला अख्खा प्रॉम्प्ट नव्याने मोजला जाणार. फक्त तारीख घाला, तीही शेवटाकडे, मग ठीक. छोट्या चॅटबॉटला तेवढं पुरतं, हे मान्य. पण तासन्‌तास चालणाऱ्या एजंटमध्ये सुरुवातीला घातलेली वेळ दुपारपर्यंत शिळी होते, आणि दुसऱ्या झोनमधली वेळ तर तिच्यात नसतेच. दोन्ही एकत्र नांदू शकतात: तारीख प्रॉम्प्टमध्ये, नेमकी वेळ टूलकडून. तसं केलं तर वर्णनात लिहा की तारीख आधीच दिलेली असेल आणि तेवढीच लागत असेल तर कॉल करू नये.

यूटीसीवाला, परवानगी मिळाली असं समजा. ईएसटीचं मला नवीन होतं.

दोनओळी, तुमचा मसुदा. "कृपया लक्षात घ्या की हे एक अत्यंत उपयुक्त टूल असून" हे सगळं काढा. वर्णन प्रत्येक संभाषणात संदर्भात जातं, टूल वापरलं जावो न जावो. तिथे जागा अडवणाऱ्या शब्दाची किंमत दर वेळी मोजावी लागते. शिवाय स्वतःची तारीफ करणारं टूल मॉडेल उगाच जास्त वापरतं, म्हणजे तुमचं "धन्यवाद" प्रकरण परत. बाकीची वाक्यं ठेवा. पहिलं थोडं बदलून "दिलेल्या आयएएनए टाइमझोनमधली या क्षणाची तारीख, वार आणि वेळ देते" असं करा.

हो, "वार" मी मुद्दाम घातलाय. तुमचं टूल वार देत नसेल तर द्यायला लावा. तारखेवरून वार काढायला सांगितलं की मॉडेलं अजून चुकतात, आणि "पुढचा सोमवार"ला निम्मं काम वाराचंच असतं. कोडमध्ये एक ओळ आहे.

आता टूल परत काय देतं त्याकडे या. इथे कुणी लिहीतच नाही, सगळे इनपुट लिहून थांबतात. एक खरंखुरं उत्तर जसंच्या तसं दाखवा. २०२६-०३-१६टी१०:००:००-०४:०० असं काही येत असेल तर शेवटचा उणे चार तास हा यूटीसीपासूनचा फरक आहे, तो वेळेत आधीच धरलेला आहे, पुन्हा वजा करायचा नाही, हे एका वाक्यात लिहा. पुन्हा वजाबाकी करणारी मॉडेलं मी पाहिली आहेत. आणि असा नुसता फरक म्हणजे झोन नव्हे. उणे चारवरून ते न्यूयॉर्क आहे की आणखी कुठलं, हे कळत नाही, आणि नोव्हेंबरात तिथे किती असेल हे तर मुळीच नाही. म्हणून उत्तरात झोनचं नावही वेगळं द्या. आरएफसी ३३३९ (इंटरनेटवर तारीख-वेळ लिहायचं प्रमाण) च्या तारखेला झोनचं नाव चौकटी कंसात जोडायची रीत २०२४ च्या आरएफसी ९५५७ ने प्रमाण केली आहे, पण मी वेगळं फील्डच पसंत करते. वाचायला सोपं, तोडायला सोपं.

दोन झोनमधला फरक तुम्ही कसा देता? दशांशात असेल तर एकक लिहिल्याशिवाय सोडू नका. यूटीसी आणि काठमांडू यांच्यातला फरक "+५.७५" असा आला तर तो पावणेसहा तास आहे. पाच तास पंचाहत्तर मिनिटं नव्हे. माणूस हसेल, पण ७५ मिनिटं अशक्य आहेत हे लक्षात न येता पुढे बेरीज करून मोकळी होणारी उत्तरं मी तपासली आहेत. "+०५:४५" असंच द्या ना, मग खुलासाच नको.

तुमच्या उत्तरात 'इझ_डीएसटी' असं फील्ड असेल तर "त्या झोनमध्ये त्या क्षणी उन्हाळी वेळ लागू आहे का" एवढं लिहा. नाहीतर एजंट "नाही" वाचून "या देशात उन्हाळी वेळ नसते" असं ठोकून देतो.

यूटीसीवाला

एक राहिलं. माणसांच्या भागात टाइमझोन डेटाचं लिहा. सरकारं नियम बदलतात, कधी फारशी मुदतही न देता. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश यूटीसी अधिक पाचवर आणला, म्हणजे तिथल्या अल्माटी शहराचं घड्याळ एक तास मागे गेलं. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातली उन्हाळी वेळच बंद केली. त्याआधी बांधलेली आणि नंतर कधीच न बदललेली कंटेनर इमेज अजूनही जुनीच वेळ सांगत बसेल. डेटा कुठून येतो, तो अद्ययावत कसा करायचा, हे दोन ओळीत हवं. पायथनचं 'झोनइन्फो' ३.९ पासून आहे, पण डेटा ते मशीनकडून घेतं, आणि विंडोजवर तो नसतो. तिथे 'टीझेडडेटा' पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर प्रत्येक झोन "सापडला नाही" म्हणून परत येईल आणि मॉडेल बिचारं नावं बदलून बदलून बघत बसेल.

आणि हो, हे टूल एखाद्या कामाला किती वेळ लागला ते मोजायला नाही, हेही लिहा. दोनदा विचारून वजाबाकी केली की मधला मॉडेलचा विचार करण्याचा वेळही त्यात धरला जातो, आणि मशीनचं घड्याळ मध्येच दुरुस्त झालं तर उत्तर उणेही येऊ शकतं. मोजायला मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ असतं, ते कोडमध्ये वापरायचं, एजंटकडून नाही.

दोनओळी

सगळं बसून केलं. वर्णनं बदलली, वार जोडला, फरक "+०५:४५" पद्धतीने, एरर संदेश यूटीसीवाला यांच्या धर्तीवर. ईएसटी आणि उलट्या चिन्हाची नावं नाकारतोय. कन्व्हर्टला तारखेचा पॅरामीटर पुढच्या आवृत्तीत येईल, तोवर "आजच्या तारखेच्या नियमांनी" हे वाक्य वर्णनात पहिलंच ठेवलंय.

पुढचा सोमवार आता बरोबर येतो. "आयएसटी" म्हटल्यावर एक एरर येते आणि दुसऱ्या फटक्यात एशिया/कोलकाता जातं. "धन्यवाद"ला मात्र अजून क्वचित घड्याळ बघतो. काटेकोर म्हणाल्या तसं शोधलं, तर सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये खरंच "प्रत्येक उत्तराआधी तारीख तपासा" सापडलं. ते दुसऱ्या टीमचं आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

दोन शंका. वर्णनातला बदल चांगला झाला की वाईट हे तपासायचं कसं? आणि टाइमझोन डेटाची आवृत्ती टूलच्या उत्तरात द्यावी का?

काटेकोर

वर्णन हे प्रॉम्प्टच आहे, तेव्हा त्यातला बदल कोडमधल्या बदलासारखाच तपासा. प्रश्नांची एक छोटी यादी ठेवा: काही जिथे टूल वापरलंच पाहिजे, काही जिथे वापरायचंच नाही, आणि काही काठावरचे ("ती परीक्षा झाली का?"). वर्णन बदललं की प्रत्येक प्रश्न अनेकदा चालवा, कारण एकदा बरोबर आलं म्हणजे दर वेळी येईल असं नाही. कॉल झाला का आणि कुठल्या झोनने झाला, एवढंच नोंदवा, उत्तराची भाषा तपासत बसू नका. मॉडेल बदललं तरी यादी पुन्हा चालवायची. एका मॉडेलला पुरेसं वाटणारं वर्णन दुसऱ्याला पुरेलच असं नाही. वर्णनाची जुनी रूपं आणि ती का बदलली ते कमिटमध्ये (कोडच्या बदलाबरोबरच्या नोंदीत) लिहा, नाहीतर कुणीतरी सहा महिन्यांनी "हे फार लांब आहे" म्हणून "वेळ मिळवते" परत आणेल.

डेटाची आवृत्ती दर उत्तरात नको, मॉडेलला तिचा काही उपयोग नाही. सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये छापा, आणि रीडमीत ती ओळ लॉगमध्ये कुठे दिसते ते लिहा. अल्माटीवाला तक्रार घेऊन आला की पहिल्यांदा तीच बघायची.